भाजल्याचा जुना व्रण, वर्षानुवर्षं न भरणारी जखम आणि चामडीचा कॅन्सर : आपल्याच पेशी दोन्हीकडं

लॅबवाली_अनगोळ

नमस्कार मंडळी. मी बेळगावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोप्सीचं काम करते. म्हणजे फॉर्मलिनच्या (तुकडा कुजू नये म्हणून वापरतात ते औषध) बाटलीतनं आलेला तुकडा, त्याचा मेणाचा ब्लॉक, मग मायक्रोटोमवर पातळ काप, रंग, आणि स्लाइड डॉक्टरांच्या टेबलावर. धागा काढायचं कारण असं की चामडीच्या कॅन्सरचे जे तुकडे आमच्याकडं येतात त्यातल्या काहींच्या फॉर्मवर हिस्टरी वाचली की जीव तुटतो, "जुना भाजल्याचा व्रण, बऱ्याच वर्षांपासून चिघळतो" एवढंच लिहिलेलं असतं आणि तोवर जांघेत गाठ पण आलेली असते. आपली माणसं गाठीला घाबरतात, जखमेला घाबरत नाहीत. जखम म्हणजे काय, आज ना उद्या भरंलच असं म्हणतात.

ऊसतोडीत कोयता नडगीला लागला असं धरा. आधी प्लेटलेट चिकटून रक्त थांबवतात आणि त्याच रसायनं सोडून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात. त्या काही तासातच पोचतात, जंतू खातात, जाळणारी रसायनं सोडतात आणि लवकरच मरतात, आपण पस म्हणून पुसतो त्यात बहुतेक ह्याच मेलेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मॅक्रोफेज नावाच्या खादाड पेशी जोरात येतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पेशी हीच. ती मेलेल्या न्यूट्रोफिल गिळते आणि गिळता गिळता तिचंच वागणं बदलतं, आधी ती सूज वाढवत असते, मग नव्या रक्तवाहिन्या फुटायला आणि फायब्रोब्लास्टनी (चामडीचे धागे बनवणाऱ्या पेशी) कोलॅजन, म्हणजे ते धागे, घालायला लागावं म्हणून रसायनं सोडायला लागते. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर "लाल मांस चांगलं आलंय" म्हणतात ना, ते दाणेदार लाल मांस ह्याच कामातनं तयार होतं. १९७५ साली लीबोविच आणि रॉस ह्या दोघांनी गिनीपिगच्या अंगातल्या मॅक्रोफेज कमी करून बघितल्या, तर जखमेतली घाण तशीच पडून राहिली आणि जखम भरायला उशीर झाला. शिवाय मोठ्या माणसाच्या चामडीत सुमारे २००० कोटी टी-पेशी (परकं आणि बिघडलेलं ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) कायम वस्तीला असतात, रक्तात फिरणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट. जखम बंद झाली की बाकीच्या पेशी निघून जातात नाहीतर मरतात, आणि मागं व्रण राहतो. त्या व्रणाला मूळ चामडीच्या फार तर ८० टक्के ताकद येते.

आता ह्यात जखम बंदच झाली नाही तर काय होतं ते बघा. कडेच्या चामडीच्या पेशींना "वाढा, वाढा" असा निरोप मिळतच राहतो, शेजारी न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज जाळणारी रसायनं सोडतच असतात, त्यानं डीएनएला इजा होते, आणि इजा झालेल्या पेशीलाच परत वाढायचा निरोप. असं दहा-वीस-तीस वर्षं चाललं की एखादी पेशी बिघडते. आणि बिघडलेल्या पेशीला वाढायला जे लागतं ते सगळं तिथं आयतं हजर असतंय, नव्या रक्तवाहिन्या, कोलॅजन, मॅक्रोफेजची रसायनं. हॅरॉल्ड ड्वोरॅक नावाच्या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टनं १९८६ सालीच मांडलं होतं की कॅन्सरची गाठ म्हणजे न भरणारी जखम आहे. मला तर ते रोज स्लाइडवर दिसतं. चामडीच्या स्क्वॅमस कॅन्सरचा, म्हणजे वरच्या थरातल्या चपट्या पेशींच्या कॅन्सरचा, काप रंगवला की मधे केराटिनचे गुलाबी गोल दिसतात, कांदा आडवा चिरल्यावर दिसतात तशी चक्रं, आणि त्यांच्या भोवती जांभळ्या ठिपक्यांची गर्दी. ते ठिपके म्हणजे लिम्फोसाइट, आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी. कुठं त्या गाठीत शिरलेल्या असतात, कुठं कडेलाच थबकलेल्या.

व्रणावर किंवा जुन्या जखमेवर होणाऱ्या ह्या कॅन्सरला मार्जोलिन अल्सर म्हणतात, १८२८ साली मार्जोलिन ह्या फ्रेंच सर्जननं अशा व्रणावरच्या जखमांचं वर्णन केलं होतं. भाजल्याचे व्रण सगळ्यात जास्त, त्याशिवाय हाडातनं पस येणारी नासूर, पायाच्या शिरांमुळं होणाऱ्या जखमा. भाजल्यापासनं कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा कित्येक वर्षं जातात म्हणून तर दोन्हीचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणून कळकळीनं सांगते, तीन महिने नीट ड्रेसिंग करून पण जी जखम भरत नाही, किंवा भरलेला जुना व्रण परत फुटलाय, तिचा तुकडा तपासायला सांगा. कडा उचललेल्या, जाड, बाहेरच्या बाजूला वळलेल्या दिसतात काय बघा, हात लागला की रक्त, घाण वास, आत फुलकोबीसारखं मांस वर येणं, नव्यानं दुखणं. ह्यातलं एक जरी असलं तर तीन महिने पण थांबू नका. विचारायचं असंल तर विचारा, माहीत असंल तेवढं सांगते.

गुऱ्हाळ_हुक्केरी

अक्का हे वाचून मी उठूनच बसलो बघा. आमचा काका, लहान असताना गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस पायावर सांडला होता, गुडघ्याखालनं घोट्यापर्यंत सगळी चामडी ओढल्यागत हाय. आता वय साठीच्या पुढं. मागच्या दिवाळीपास्नं घोट्याजवळ फुटलंय, भरतंय परत फुटतंय, माशा बसत्यात म्हणून फडकं बांधून फिरतोय. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, कमी येतंय असं वाटतंय परत तेच. काका म्हणतोय लहानपणाची जखम हाय, तिला काय हुतंय. ह्यात कॅन्सर असंल काय?

लॅबवाली_अनगोळ

दादा, इथनं कुणीच सांगू शकत नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते अगदी तेच आहे ज्यासाठी हा धागा काढला. भाजल्याचा जुना व्रण, सांध्याजवळ, जिथं चालताना चामडी ओढली जाते तिथंच फुटलेला, आणि भरून परत फुटणारा. ह्याच आठवड्यात काकांना सर्जनकडं न्या. बेळगाव, मिरज, कोल्हापूर, जे जवळ पडंल ते. तिथं तोंडानं सांगा की भाजल्याच्या व्रणावर जखम आहे आणि बायोप्सी करून बघायची आहे. तुकडा जखमेच्या मधला घेऊन भागत नाही, मधे बऱ्याचदा नुसतं मेलेलं मांस निघतं, कडेचा घ्यावा लागतो आणि मोठी जखम असंल तर दोनचार ठिकाणचा. जांघेत गाठ लागते काय ते पण बघायला सांगा, आपल्याकडं अवधान म्हणतात ते. जंतूंमुळं पण येतं, नुसतं असलं म्हणून कॅन्सर पसरलाय असं नाही.

भाजलेल्या व्रणाची आणखी एक गोष्ट. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या (प्रतिकाराच्या पेशी ज्यातनं ये-जा करतात त्या नळ्या) जळून गेलेल्या असतात, त्यामुळं त्या भागात प्रतिकाराच्या पेशींचं येणंजाणं कमी. कॅन्सर आत बरीच वर्षं कुणाच्या नजरेत न येता राहू शकतो तो ह्यामुळं, असं मानतात. एकदा व्रणाच्या हद्दीबाहेर आला की मग मात्र साध्या चामडीच्या कॅन्सरपेक्षा लवकर पसरतो. म्हणून आत्ता, हद्दीत आहे तोवर.

बंधू_येळ्ळूर

बायोप्सी केली की कॅन्सर भडकतो असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. सुरी लागली की पसरतो म्हणून. आमच्या गल्लीतल्या एका मावशीचं तसंच झालं, तुकडा काढला आणि सहा महिन्यात गेल्या. मग कसं न्यायचं माणसाला?

लॅबवाली_अनगोळ

बंधू, मावशींचं ऐकून वाईट वाटलं. पण तुकडा काढला म्हणून त्या गेल्या नाहीत, तुकडा काढायची वेळ आली तेव्हाच आजार पुढं गेलेला असणार, आपल्या नजरेला मात्र दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ दिसतात. चामडीच्या जखमेचा कडेचा छोटा तुकडा घेतल्यानं कॅन्सर पसरत नाही. आणि तुकड्याशिवाय नुसतं बघून कुणीही खात्रीनं सांगू शकत नाही, आमचे डॉक्टर सुद्धा नाही. जंतूंनी चिघळलेली जखम आणि कॅन्सरची जखम वरनं कधीकधी एकसारख्याच दिसतात.

एक कामाची गोष्ट, तुकडा लॅबला तुम्हालाच न्यायला दिला तर बाटलीत फॉर्मलिन आहे काय विचारून घ्या, आणि तुकडा नीट बुडंल एवढं भरपूर, तुकड्याच्या दहा पट तरी. सलाइनमध्ये किंवा साध्या पाण्यात टाकून आणला तर उन्हाळ्यात इथं येईपर्यंत कुजतो, स्लाइडवर काहीच ओळखू येत नाही, आणि माणसाला परत टोचून घ्यावं लागतं.

उद्यमबाग_शिफ्ट

मी फाउंड्रीत आहे. तापलेलं मेटल उडून पायावर, हातावर बसणं हे आमच्याकडं नेहमीचं, बुटात ठिणगी गेली की बूट काढेपर्यंत भाजून निघतंय. मी आधी जिथं होतो तिथं भाजलं तर मलम लावून परत लाईनवर उभं करायचे, दवाखान्यात पाठवलं तर कागद होतात म्हणून. आमच्यातल्या कित्येकांच्या पायावर असले व्रण आहेत. म्हणजे सगळ्यांनाच धोका काय? झोप उडाली वाचून.

लॅबवाली_अनगोळ

नाही, सगळ्यांना नाही, फार थोड्यांना होतं. धोका कुठला जास्त ते सांगते. जी भाजलेली जागा खोल होती आणि स्किन ग्राफ्ट (अंगावरची दुसरीकडची चामडी काढून लावणं) न करता आपोआप महिनोन्‌महिने भरत राहिली, जिथली चामडी पातळ, चकचकीत, ओढलेली आहे आणि सारखी फुटते, ती जागा. वरवर भाजून पंधरा दिवसात भरलेले ठिपके सोडून द्या. खोल भाजलं असंल तर सुरुवातीलाच ग्राफ्ट करून जखम बंद केली तर पुढचा हा सगळा प्रकार बऱ्यापैकी टळतो. तेव्हा मलम लावून लाईनवर उभं करणारा जो कोण असंल त्यानं नुसता तेवढा दिवस वाचवलेला असतो, कामगाराचा पाय नाही. मला ह्या गोष्टीचा फार राग येतो. तुमच्यातल्या ज्यांचे व्रण सारखे फुटतात त्यांना मात्र हा धागा दाखवा.

निपाणी_सीमा

ताई, आमच्या बाबांना शुगर आहे, तळपायाला जखम आहे चार महिने झाले. तुमचं तीन महिन्याचं वाचून आई रडायलाच लागली. शुगरच्या जखमा पण कॅन्सरच्या होतात का?

लॅबवाली_अनगोळ

आईंना आधी सांगा की शुगरच्या पायाच्या जखमा बहुतेक कॅन्सरच्या नसतात. त्या न भरायची कारणं वेगळी आहेत. नसा बधीर, त्यामुळं खाली दाब पडलेला कळत नाही, रक्तपुरवठा कमी, आणि वर मी मॅक्रोफेजचं सांगितलं ना, सूज वाढवण्याकडनं भरवण्याकडं त्यांचं वागणं बदलतं म्हणून, साखर जास्त राहिली की ते बदलणंच नीट होत नाही. त्या पहिल्याच अवस्थेत अडकून राहतात. न्यूट्रोफिल पण जंतू खायला कमी पडतात. म्हणून साखर खाली आणणं, जखमेवरचा भार काढणं (तसली चप्पल किंवा प्लास्टर मिळतं), मेलेलं मांस वरचेवर काढून टाकणं, पायाच्या नाडीची तपासणी, हे आधी. ते सगळं नीट करून पण हलत नसंल किंवा कडा उचललेल्या असतील तर तुकडा घ्यायचा.

आणखी एक, तळपाय, तळहात किंवा नखाखाली काळा डाग असंल आणि पसरत असंल तर ते वेगळं प्रकरण, मेलॅनोमा, म्हणजे चामडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्यासारख्या सावळ्या लोकांना मेलॅनोमा मुळात कमी होतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा ह्याच जागी, आणि भेगेसारखा किंवा मार लागल्यासारखा दिसतो म्हणून उशिरा कळतो. बाबांच्या जखमेच्या आजूबाजूला तसलं काळं काही आहे काय तेवढं उजेडात बघा.

मास्तर_खानापूर

फार चांगला धागा. मी विज्ञान शिकवायचो, म्हणून एक भर घालतो. ह्या खादाड पेशींचा शोध मेच्निकोव्ह ह्या रशियन शास्त्रज्ञानं लावला, १८८२ साली इटलीतल्या मेसिना इथं. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यानं गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या. पुढं १९०८ चं नोबेल त्याला पॉल एर्लिखबरोबर मिळालं. मुलांना हे सांगितलं की डोळे मोठे करून ऐकायची. आता माझा प्रश्न. एवढ्या पेशी जर त्या गाठीभोवती जमलेल्याच आहेत तर त्या गाठीला संपवत का नाहीत?

लॅबवाली_अनगोळ

सर, हाच तर खरा प्रश्न. खरं म्हणजे बऱ्याच वेळा संपवतात, आपल्याला पत्ता लागत नाही एवढंच. १९७० च्या दशकात मार्गारेट क्रिप्के ह्यांनी उंदरांवर केलेलं काम बघा. अतिनील किरणांनी उंदराच्या चामडीवर झालेली गाठ त्याच जातीच्या दुसऱ्या धडधाकट उंदरात लावली तर त्याचं शरीर ती गाठ नाकारतं, जगूच देत नाही. पण त्या दुसऱ्या उंदरालाच आधी अतिनील किरण दिलेले असतील तर तीच गाठ तिथं वाढते. म्हणजे ऊन चामडीच्या पेशींचा डीएनए बिघडवतं ते आहेच, पण गाठ ओळखणाऱ्या यंत्रणेलाच ते गप्प करतं. चामडीत लँगरहान्स पेशी असतात, पॉल लँगरहान्सनं १८६८ साली विद्यार्थी असतानाच दाखवलेल्या, त्यांचं काम परकं काय ते पकडून टी-पेशींना नेऊन दाखवायचं. जास्त उन्हानं ह्या पेशी त्या भागातनं कमी होतात.

आणि गाठ स्वतः पण डाव टाकते. टी-पेशीवर पीडी-वन नावाचा एक ब्रेक असतो, सूज हाताबाहेर जाऊ नये म्हणून शरीरानंच ठेवलेला. कॅन्सरच्या पेशी तो ब्रेक दाबून धरतात. मॅक्रोफेज पण तिथं जखम भरवण्याच्या वागण्यात जाऊन बसतात, म्हणजे गाठीला रक्तवाहिन्या पुरवत राहतात. ब्रेक सोडवणाऱ्या औषधांच्या मागच्या कामाला, म्हणजे जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो ह्यांना, २०१८ चं नोबेल मिळालं. चामडीच्या पसरलेल्या स्क्वॅमस कॅन्सरसाठी सेमिप्लिमॅब हे त्यातलं औषध अमेरिकेत त्याच वर्षी मंजूर झालं. आपल्यासारख्याला ही औषधं लाखांच्या घरात जातात, म्हणून मी परत परत सांगते की वेळेत सापडलं तर नुसत्या ऑपरेशननं काम होतं.

ह्यात मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो कोंबड्यांचा प्रयोग. एका विषाणूनं कोंबडीला कॅन्सर होतो, पेटन रूस ह्यांनी १९११ साली दाखवलेला. तो पंखात टोचला तर गाठ त्या पंखात येते, विषाणू रक्तातनं सगळीकडं फिरत असतो तरी दुसरीकडं येत नाही. पण १९८५ च्या सुमाराला मिना बिसेल ह्यांच्या लॅबमध्ये दुसऱ्या पंखाला नुसती जखम केली, तर तिथं पण गाठ आली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत परत वाचलं.

मलप्रभा_काठ

बायकांचा एक प्रश्न विचारते. परकराची नाडी घट्ट बांधून कमरेला काळा पट्टा पडलाय, उन्हाळ्यात भातलावणीच्या आधी शेतात राबताना घामानं सोलून निघतं, सासूबाईंना तर कमरेच्या बाजूला छोटी जखमच आहे, त्या नऊवारी नेसतात. हे पण ह्यातच येतं का ताई? कुणाला दाखवायला लाजतात त्या.

लॅबवाली_अनगोळ

येतं, आणि बरं झालं विचारलं. मुंबईत डॉ. खानोलकरांनी १९४५ सालीच धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेला होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहून ठेवलंय. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क बायकांच्या केसेस छापल्या, दोघींना कमरेला न भरणारी जखम आणि तुकड्यात स्क्वॅमस कॅन्सर. त्यातल्या एकीला परकराची सवय नव्हती, त्या लुगडंच नेसायच्या. म्हणजे दोष नाडीचा एकटीचा नाही, त्याच जागी वर्षानुवर्षं दाब, घाम, घासणं आणि कधीच न भरू देणं ह्याचा आहे.

तुमच्या काळ्या पट्ट्याला घाबरायचं कारण नाही. नाडीच्या जागी रुंद पट्टा शिवून घ्या, रोज थोडी वरखाली बांधा, घरी असताना सैल. सोललं तर ते पूर्ण भरेपर्यंत तिथं काही बांधू नका, गाऊन घाला. सासूबाईंची जखम मात्र दाखवायचीच. बाई डॉक्टर असतात सगळीकडं आता, तुम्ही सोबत जा.

आज्जीचा_बटवा

हळद लावली तर? आमच्याकडं दगडी पाला चोळून लावतात, रक्त लगेच थांबतं. तुम्ही लोकं सगळं इंग्रजी औषधावरच.

लॅबवाली_अनगोळ

ताज्या छोट्या खरचटण्यावर लावत असाल तर माझं काही म्हणणं नाही, हळदीतल्या कर्क्युमिनचा सूज कमी करणारा गुण लॅबमध्ये दिसलेला आहे. पण महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेवर पाला, चुना, तंबाखू, राख काहीही बांधू नका. एकतर त्यानं जखम परत सोलते आणि न्यूट्रोफिलचा सगळा प्रकार पहिल्यापासनं सुरू होतो, आणि दुसरं म्हणजे त्या लेपाखाली जखमेची कडा दिसत नाही. कडा दिसणं फार गरजेचं आहे.

चिकोडी_किडनी

माझं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या चालू आहेत. शेतात उन्हात असतो. मग माझ्या चामडीच्या ह्या पेशींचं काय?

लॅबवाली_अनगोळ

तुमच्या गोळ्या टी-पेशींनाच दाबतात, नवीन किडनीला त्यांनी नाकारू नये म्हणून. त्याचा दुसरा परिणाम असा की गोऱ्या लोकांच्या देशात ट्रान्सप्लांट झालेल्यांमध्ये स्क्वॅमस चामडीचा कॅन्सर ६५ पटीहून जास्त दिसलाय. आपल्या सावळ्या चामडीला मेलॅनिनचं, म्हणजे चामडीच्या काळ्या रंगाचं, संरक्षण आहे, एवढा धोका आपल्याला नाही, पण शून्यही नाही. गोळी मात्र स्वतःच्या मनानं एक पण बंद करू नका, किडनी जाईल. पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टोपी किंवा पटका, दुपारचं ऊन टाळा. अंगावर चामखीळ वाढत असंल, खरखरीत चट्टा जात नसंल तर किडनीच्या डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत शर्ट काढून दाखवा, ते गरज वाटली तर गोळ्या बदलतात.

गुऱ्हाळ_हुक्केरी

अक्का, काकाला नेऊन आणलं. तुकडा काढला, तीन ठिकाणचा. रिपोर्ट आलाय, इंग्रजीत हाय, डॉक्टर कन्नडमध्ये भराभर बोलले, मला निम्मं कळलं. त्यात "वेल डिफरन्शिएटेड स्क्वॅमस सेल कार्सिनोमा" असं लिहिलंय. जांघेत काय नाही म्हणाले. म्हणजे लई वाईट काय?

लॅबवाली_अनगोळ

दादा, कॅन्सर आहे हे खरं, पण "वेल डिफरन्शिएटेड" म्हणजे पेशी अजून बऱ्यापैकी मूळ चामडीच्या पेशींसारख्या आहेत, हा त्यातल्या त्यात चांगला प्रकार. जांघेत गाठ नाही ही दुसरी चांगली गोष्ट. आता ते कडेची निरोगी चामडी धरून मोठा भाग काढून तिथं ग्राफ्ट लावायचं म्हणतील. ऑपरेशननंतर दुसरा रिपोर्ट येईल त्यात "मार्जिन" असा शब्द शोधा, सगळ्या मार्जिन फ्री असल्या म्हणजे कडेला कॅन्सर राहिला नाही. एखादी पॉझिटिव्ह असंल तर परत काढावं लागतं, ते नाही म्हणू नका. आयुष्मान कार्ड आणि रेशन कार्ड सोबत न्या. आणि डॉक्टरांना सरळ सांगा की हळू बोला नाहीतर मराठीत सांगा, आपल्याकडं बऱ्याच जणांना येतं. ब्लॉक लॅबमधनं मागून घ्या आणि जपून ठेवा, पुढं दुसरीकडं दाखवायचं झालं तर तोच लागतो.